एक जागा, तीन नामांकने: अमेरिकेत सरकारी वकील फेडरल न्यायाधीश कसा होतो

पूर्वपक्ष (धागाकर्ता)

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या नेमणुकांवर मराठीत भरपूर लिहिलं जातं. खालच्या फेडरल कोर्टांत न्यायाधीश येतात कुठून, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही. खरं तर बहुतेक फेडरल खटले तिथेच सुरू होतात आणि तिथेच संपतात. जिल्हा पातळीवर 94 कोर्टं आणि 677 मंजूर पदं आहेत. त्यांवर येणाऱ्यांचा एक मोठा ओघ सरकारी वकिलांचा असतो. ही वाट नीट कळावी म्हणून एकच कारकीर्द घेतो: न्यायाधीश डायान गुजराती, ईस्टर्न डिस्ट्रिक्ट ऑफ न्यूयॉर्क.

शिक्षण बर्नार्ड कॉलेज आणि येल लॉ स्कूल. 1995 मध्ये पदवी मिळाल्यावर वर्षभर सेकंड सर्किट या फेडरल अपील कोर्टाचे न्यायाधीश जॉन वॉकर यांच्याकडे लॉ क्लार्क (न्यायाधीशाचा कायदेविषयक सहायक). मग डेव्हिस पोक या मोठ्या फर्ममध्ये सुमारे तीन वर्षं. 1999 मध्ये त्या न्यूयॉर्कच्याच सदर्न डिस्ट्रिक्टच्या यूएस ॲटर्नी कार्यालयात (त्या जिल्ह्यातलं फेडरल सरकारी वकिलांचं कार्यालय) सहायक सरकारी वकील झाल्या आणि न्यायाधीश होईपर्यंत तिथेच राहिल्या. या काळात व्हाइट प्लेन्स शाखेच्या प्रमुख आणि 2012 पासून संपूर्ण फौजदारी विभागाच्या उपप्रमुख.

आता जागेबद्दल. ईस्टर्न डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे ब्रुकलिनच्या कोर्टातले न्यायाधीश जॉन ग्लीसन मार्च 2016 मध्ये राजीनामा देऊन गेले. (ग्लीसनही मूळचे सरकारी वकीलच. माफिया पुढारी जॉन गॉटीला 1992 मध्ये शिक्षा झाली, त्या खटल्यात सरकारची बाजू त्यांनी मांडली होती.) सप्टेंबर 2016 मध्ये ओबामांनी गुजराती यांचं नाव पाठवलं. जानेवारी 2017 मध्ये ती काँग्रेस (अमेरिकन संसदेची दोन वर्षांची मुदत) संपली आणि नाव परत आलं. मे 2018 मध्ये ट्रम्प यांनी तेच नाव पाठवलं. जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा परत आलं. त्याच वर्षी तिसऱ्यांदा पाठवलं गेलं आणि 10 सप्टेंबर 2020 रोजी सिनेटने 99 विरुद्ध 0 मतांनी मंजूर केलं.

विरोधात एकही मत नाही, आणि तरी जागा साडेचार वर्षं रिकामी. माझं मत असं की सरकारी वकिलाची स्वच्छ कारकीर्द नाव टिकवते, पण नाव पुढे सरकवते ती सिनेटची दिनदर्शिका. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच ही प्रक्रिया समजते. जाणकारांनी टप्प्याटप्प्याने भर घालावी.

---

सिनेटवाचक

नाव "परत येतं" म्हणजे काय, ते आधी सांगतो. सिनेटच्या नियम 31 प्रमाणे अधिवेशन कायमचं संपलं, किंवा सभागृह 30 दिवसांहून जास्त काळ तहकूब झालं, की प्रलंबित नामांकनं राष्ट्राध्यक्षांकडे परत जातात. ती रोखून ठेवायची तर सर्व सदस्यांची संमती लागते. एकाने हरकत घेतली तरी संपलं. हा नकार नसतो, पण कागद पुन्हा पाठवावे लागतात. समितीने आधी शिफारस केलेली असली तरी समितीत पुन्हा मतदान होतं.

टप्पे साधारण असे असतात:

जागा रिकामी झाली की राज्याचे दोन सिनेटर नावं सुचवतात. बऱ्याच सिनेटरांच्या स्वतःच्या छाननी समित्या असतात. तिथून व्हाइट हाउस काउन्सेलचं कार्यालय आणि न्याय विभागाचं ऑफिस ऑफ लीगल पॉलिसी तपासणी करतात. एफबीआयची पार्श्वभूमी चौकशी होते. मग नाव सिनेटकडे जातं आणि न्यायिक समिती राज्याच्या सिनेटरांना निळ्या कागदावर मत विचारते. हीच ती ब्लू स्लिप. कायद्यात तिचा कुठे उल्लेख नाही, ती समितीच्या अध्यक्षाने पाळायची प्रथा आहे. अपील कोर्टांसाठी ती 2018 मध्ये मोडली. जिल्हा कोर्टांसाठी अजून पाळली जाते.

म्हणूनच गुजराती यांचं नाव ट्रम्प यांच्याकडून पुन्हा आलं. न्यूयॉर्कचे दोन्ही सिनेटर, शूमर आणि जिलिब्रँड, डेमोक्रॅट. त्यांच्या निळ्या कागदाशिवाय ब्रुकलिनमध्ये एकही जिल्हा न्यायाधीश बसवता आला नसता. मग वाटाघाटीतून नावांचा गठ्ठाच ठरला. ओबामांच्या काळात अडकलेले गॅरी ब्राउन हेही त्याच गठ्ठ्यातून परत आले.

---

ज्युरीबाहेर

सिनेटवाचक यांच्या यादीत सुनावणीनंतरचा भाग जोडतो.

जिल्हा कोर्टाचे उमेदवार बहुतेकदा चार-पाच जणांच्या गटाने एकत्र बसतात आणि सुनावणी तासा-दोन तासांत उरकते. खरा घाम त्यानंतर निघतो. प्रत्येक सिनेटर लेखी प्रश्न पाठवू शकतो आणि उत्तरं थोड्याच दिवसांत द्यायची असतात. मग समितीच्या कार्यसूचीवर नाव येतं. पहिल्या बैठकीत कोणीही सदस्य ते एक आठवडा पुढे ढकलू शकतो, आणि आता हे जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत होतं. समितीतून मंजूर झालं की नाव सभागृहाच्या कॅलेंडरवर जातं.

इथे दोन तारखा लक्षात ठेवा. 21 नोव्हेंबर 2013 पासून खालच्या कोर्टांच्या उमेदवारांची चर्चा थांबवायला 60 मतांऐवजी साधं बहुमत पुरतं. एप्रिल 2019 पासून चर्चा थांबवण्याचा ठराव झाल्यावर जिल्हा न्यायाधीशांसाठी 30 तासांऐवजी जास्तीत जास्त 2 तास राखावे लागतात. पूर्वी विरोधी पक्ष एका बिनविरोध नावावर आठवडाभराचा सभागृहाचा वेळ खाऊ शकत असे. त्यामुळे बहुमतवाले नेते अपील कोर्टाची नावं आधी घेत आणि जिल्हा कोर्टाची नावं तळाशी पडून राहत. गुजराती यांचं दुसरं नामांकन 2018 च्या शेवटी जिथे अडकलं, ती जागा हीच.

---

कलम_तीन

उत्तम धागा. मी प्रश्नावलीवर लिहितो, कारण सरकारी वकिलांची परीक्षा खरी तिथे होते.

न्यायिक समितीची प्रश्नावली सार्वजनिक असते आणि तिची उत्तरं शंभर पानांच्या पुढे सहज जातात. प्रकाशित झालेलं प्रत्येक लेखन, दिलेलं प्रत्येक भाषण, सदस्यत्वं, राजकीय काम, हे सगळं कॉलेजपासून मागतात. वकिलीच्या भागात विचारतात: किती टक्के काम फेडरल कोर्टांत, किती फौजदारी, किती दिवाणी, निकालापर्यंत किती खटले चालवले, त्यांत एकटे किती, मुख्य वकील म्हणून किती, सहकारी म्हणून किती, ज्युरीपुढे किती टक्के. मग स्वतः हाताळलेली दहा सर्वांत महत्त्वाची प्रकरणं. प्रत्येकाबरोबर तारीख, कोर्ट, न्यायाधीश, सहकारी वकील आणि समोरच्या वकिलाचा संपर्क.

सहायक सरकारी वकिलाची इथे दोन ठिकाणी अडचण होते.

पहिली ग्रँड ज्युरीची (आरोप ठेवायला पुरेसा आधार आहे का, ते बंद दाराआड ठरवणारं नागरिकांचं मंडळ). फेडरल फौजदारी प्रक्रियेच्या नियम 6(ई) मुळे तिथे घडलेलं उघड करता येत नाही. ज्या तपासात आरोपपत्रच झालं नाही, ते काम कितीही मोठं असलं तरी यादीत येत नाही.

दुसरी बढतीची. शाखाप्रमुख झालेला वकील दुसऱ्यांचे मसुदे तपासतो, आरोप ठेवायचे की नाही ते ठरवतो, पण कोर्टात उभा राहतो तो कनिष्ठ. त्यामुळे शेवटच्या दहा वर्षांचं काम कागदावर विरळ दिसतं. यावर उपाय एकच: जुने, स्वतः चालवलेले ज्युरी खटले पुढे ठेवायचे आणि देखरेखीचं काम वेगळ्या परिच्छेदात नेमकेपणाने सांगायचं. दोन्ही मिसळले की छाननी करणाऱ्याला संशय येतो.

समोरच्या वकिलांचे फोन नंबर का मागतात, तेही सांगायला हवं. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेची समिती 1953 पासून उमेदवारांचं मूल्यमापन करते. त्यासाठी ती न्यायाधीश आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांशी गोपनीय बोलते. निकष तीन: सचोटी, व्यावसायिक कुवत आणि न्यायाधीशाला साजेसा स्वभाव. साधारण 12 वर्षांची वकिली आणि कोर्टात उभं राहण्याचा भरीव अनुभव अपेक्षित धरतात. वीस वर्षं फिर्यादी बाजूने लढलेल्या माणसाबद्दल बचावाचे वकील काय सांगतात, हे मला सगळ्या कागदांपेक्षा मोलाचं वाटतं. पुरावे वेळेवर दिले का, आरोपीच्या बाजूचा कागद दडवला नाही ना, तडजोडीत दिलेला शब्द पाळला का, हे त्यांनाच माहीत असतं.

---

मेधा_ओहायो

सरकारी नोकरी म्हणजे हमखास मंजुरी, असा समज होऊ नये म्हणून न टिकलेली तीन नावं. तिघेही सरकारी सेवेतले वकील.

मॅथ्यू पीटरसन, फेडरल निवडणूक आयोगाचे सदस्य, 2017. सुनावणीत सिनेटर जॉन केनेडी यांनी विचारलं की आजवर किती खटले चालवलेत. ज्युरीपुढे, दिवाणी, फौजदारी, राज्य कोर्ट, फेडरल कोर्ट, सगळ्यांचं उत्तर एकच: एकही नाही. तज्ज्ञाची साक्ष दाखल करून घ्यायची की नाही यासाठीची डॉबर्ट कसोटी, आणि खटल्याआधी पुरावा रोखण्यासाठीचा मोशन इन लिमिने, हेही सांगता आलं नाही. काही दिवसांतच नाव मागे घेतलं गेलं.

ब्रेट टॅली, न्याय विभागातले अधिकारी, तेही 2017. एकही खटला चालवलेला नाही. बार असोसिएशनच्या समितीने एकमताने अपात्र ठरवलं. पत्नी व्हाइट हाउस काउन्सेलच्या कार्यालयात काम करते हे प्रश्नावलीत सांगितलेलं नव्हतं आणि टोपणनावाने केलेलं ऑनलाइन लेखनही वगळलेलं होतं.

रायन बाउंड्स हे ओरेगनमधले सहायक सरकारी वकील. 2018 मध्ये त्यांचं नाव नाइन्थ सर्किट या अपील कोर्टासाठी होतं. कॉलेजच्या दिवसांतलं वंश आणि विविधतेवरचं लेखन वर आलं आणि ऐन मतदानाआधी स्वपक्षाचीच मतं कमी पडली.

पहिल्याकडे अनुभव नव्हता. दुसऱ्याकडे अनुभव नव्हता आणि माहितीही अपुरी होती. तिसऱ्याकडे अनुभव होता, पण जुनं लेखन आधीच समोर ठेवलेलं नव्हतं. छाननी समितीने पहिल्याच टप्प्यात मागितलेला कागद उमेदवाराने काढून ठेवायला हवा, मग तो कितीही जुना असो.

---

वाई_वाचनालय

फार छान माहिती. एक शंका: ज्या कार्यालयाने वीस वर्षं पगार दिला, त्याचेच वकील समोर उभे राहणार. मग निःपक्षपाताचं काय?

---

कलम_तीन

@वाई_वाचनालय, यासाठी कायदाच आहे: अमेरिकन कायदेसंहितेचं शीर्षक 28, कलम 455. त्यात सरकारी नोकरीसाठी वेगळं पोटकलम आहे. त्या प्रकरणात वकील, सल्लागार किंवा महत्त्वाचा साक्षीदार म्हणून भाग घेतला असेल, किंवा त्याच्या गुणदोषांवर मत दिलं असेल, तर बाजूला व्हायलाच लागतं. नुसतं त्याच कार्यालयात होतो, एवढ्याने आपोआप बाद होत नाही. तरी देखरेखीवरच्या वकिलासाठी "भाग घेतला" याचा अर्थ रुंद होतो. एखाद्या फाइलवर मंजुरीची सही असली तर तो सहभागच.

फिर्यादी वकिलाच्या बाबतीत तर हा घटनात्मक प्रश्न आहे. विल्यम्स विरुद्ध पेनसिल्व्हेनिया, 2016. रोनाल्ड कॅस्टिल यांनी जिल्हा सरकारी वकील असताना एका प्रकरणात मृत्युदंड मागायला मंजुरी दिली होती. पुढे ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच कैद्याचं प्रकरण ऐकायला बसले. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की महत्त्वाच्या निर्णयात ज्याचा वैयक्तिक आणि भरीव वाटा होता, त्याने नंतर न्यायाधीश म्हणून बसणं म्हणजे योग्य प्रक्रियेचा भंग.

गुजराती यांच्या बाबतीत भूगोलाने काम सोपं केलं. त्यांचं कार्यालय सदर्न डिस्ट्रिक्टचं, म्हणजे मॅनहॅटन, ब्राँक्स, वेस्टचेस्टर वगैरे. कोर्ट ईस्टर्नचं: ब्रुकलिन, क्वीन्स, स्टॅटन आयलंड आणि लाँग आयलंडचे नॅसॉ, सफोक. समोर येणारे सरकारी वकील दुसऱ्या कार्यालयाचे. उलट मनीष शाह शिकागोतल्या ज्या कार्यालयात फौजदारी विभागाचे प्रमुख होते, ते त्याच जिल्ह्याचे न्यायाधीश झाले (एप्रिल 2014, 95 विरुद्ध 0). अशा ठिकाणी सुरुवातीच्या काळात बाजूला ठेवायच्या प्रकरणांची यादी लांब होते आणि ती पहिल्या दिवशी कोर्टाच्या लिपिकाकडे तयार लागते. नाही तर प्रकरण वाटून झाल्यावर परत फिरवावं लागतं, आणि तोवर आरोपी कोठडीत असला तर वेळ त्याचा जातो.

---

सिनेटवाचक

सॉलिसिटर जनरलच्या (सुप्रीम कोर्टात फेडरल सरकारची बाजू मांडणाऱ्या) कार्यालयातून येणाऱ्यांचं हेच दुखणं आणखी मोठं. एलेना कगन 2010 मध्ये सुप्रीम कोर्टात आल्या तेव्हा पहिल्या वर्षी पंचवीसच्या आसपास प्रकरणांतून त्यांना बाजूला राहावं लागलं.

त्याच कार्यालयाचे श्री श्रीनिवासन यांची कारकीर्दही पाहण्यासारखी आहे. ते प्रमुख उप सॉलिसिटर जनरल होते. जून 2012 मध्ये डीसी सर्किट या वॉशिंग्टनच्या अपील कोर्टासाठी नाव, जानेवारी 2013 च्या सुरुवातीला परत, लगेच त्याच महिन्यात पुन्हा, आणि 23 मे 2013 रोजी 97 विरुद्ध 0. म्हणजे एकमताच्या आधी परतीचा फेरा तिथेही झालाच.

---

टेक्सासकर

ज्यांना या वाटेने जायचंय त्यांच्यासाठी प्रवेशाचे नियम कुणी लिहाल का? इथली बरीच मुलं लॉ स्कूलला आहेत.

---

ज्युरीबाहेर

@टेक्सासकर, सहायक सरकारी वकिलाची नेमणूक ॲटर्नी जनरल करतात, तिला सिनेट लागत नाही. अट जेडी (अमेरिकेतली कायद्याची पदवी), एखाद्या राज्याच्या बारचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, चालू सदस्यत्व, पदवीनंतर किमान एक वर्षाचा अनुभव आणि अमेरिकन नागरिकत्व. ग्रीन कार्ड पुरत नाही. मोठ्या शहरांतली कार्यालयं एका वर्षाच्या अनुभवावर सहसा कुणाला घेत नाहीत. फेडरल क्लार्कशिप अधिक दोन-तीन वर्षांची फर्म, ही गुजराती यांची सुरुवात तिथे नेहमीची आहे. रुजू होताना काही वर्षं राहण्याची हमी घेतात. पार्श्वभूमी चौकशीत कर न भरणं आणि अर्जात माहिती दडवणं, यांवर अर्ज अडतात.

न्यायाधीशपदासाठी मात्र राज्यघटनेत वयाची किंवा पदवीची अटच नाही. राहण्याची अट कायद्यात आहे: जिल्हा न्यायाधीशाने आपल्या जिल्ह्यात राहायचं. न्यूयॉर्कच्या सदर्न आणि ईस्टर्नला सूट आहे. त्यांनी जिल्ह्यापासून 20 मैलांच्या आत राहिलं तरी चालतं.

पगार आणि निवृत्तीबद्दल नेहमी गैरसमज होतो. जिल्हा न्यायाधीशाचा पगार 2025 मध्ये 2,47,400 डॉलर. पद आजीवन. 65 वर्षं वय आणि 15 वर्षं सेवा झाली की पूर्ण पगारावर निवृत्ती किंवा कमी कामाचा ज्येष्ठ दर्जा घेता येतो. पुढे वय एकेक वर्ष वाढेल तशी सेवेची अट एकेक वर्ष कमी होते, 70 ला 10 पर्यंत. सरकारी वकील म्हणून केलेली वर्षं यात धरत नाहीत. म्हणजे 51 व्या वर्षी न्यायाधीश झालेल्या माणसाला 66 व्या वर्षी हा हक्क मिळतो. नामांकनात चार वर्षं गेली तर तीही इथे कामी येत नाहीत.

---

मेधा_ओहायो

यावरून एक मुद्दा. चार वर्षं थांबणं सरकारी वकिलालाच परवडतं. खासगी वकिलाचं नाव जाहीर झालं की अशिलं नवी कामं द्यायला कचरतात, कारण हा माणूस कधीही जाईल. भागीदारीतला वाटा, मुदतीचे करार, सगळं लटकतं. सरकारी वकील तेच काम, तोच पगार घेऊन थांबतो. त्यामुळे लांबलेली प्रक्रिया न कळत फिर्यादी वकिलांच्याच बाजूने गाळणी लावते, आणि बचावाच्या छोट्या वकिलांना बाहेर ठेवते. मला हा या पद्धतीतला गंभीर दोष वाटतो. केतनजी ब्राउन जॅक्सन 2022 मध्ये सुप्रीम कोर्टात आल्या, तेव्हा फेडरल पब्लिक डिफेंडर (वकील न परवडणाऱ्या आरोपींसाठीचा सरकारी बचाव वकील) म्हणून काम केलेली तिथली ती पहिली व्यक्ती होती. इतका उशीर व्हायला नको होता.

---

पूर्वपक्ष

@मेधा_ओहायो, पूर्ण सहमत. याला जोडून एक उणीव: फौजदारी विभागात वीस वर्षं काढलेल्याला दिवाणी काम नवं असतं. नव्या न्यायाधीशाच्या टेबलावर पहिल्याच आठवड्यांत इतरांकडून वर्ग झालेली शेकडो प्रकरणं येतात आणि त्यांत दिवाणी जास्त: पोलिसांविरुद्धचे नागरी हक्कांचे दावे, वेतनाचे दावे, सोशल सिक्युरिटीची अपिलं, विमा. साक्षी-पुराव्याचे नियम आणि ज्युरी निवडणं हातचं असतं, दिवाणी दाव्यातली कागदपत्रांची देवघेव शिकावी लागते. फेडरल ज्युडिशियल सेंटर नव्या न्यायाधीशांचे वर्ग घेतं, पण चांगले लॉ क्लार्क निवडणं त्याहून जास्त उपयोगी पडतं. फौजदारीतून आलेल्याने निदान एक क्लार्क दिवाणी बाजू कसलेला घ्यावा.

---

वाई_वाचनालय

आपल्याकडेही सरकारी वकील उच्च न्यायालयात जातात. फरक नेमका कुठे?

---

कलम_तीन

अनुच्छेद 217 प्रमाणे वकिलीतून उच्च न्यायालयात जायला 10 वर्षांची वकिली लागते, नावं कॉलेजियम सुचवतं, निवृत्ती 62 ला. उमेदवाराची सार्वजनिक प्रश्नावली नाही, खुली सुनावणी नाही. जिल्हा न्यायाधीशासाठी अनुच्छेद 233 मध्ये सात वर्षं वकिली सांगितली आहे. पूर्णवेळ सरकारी वकील त्यात "ॲडव्होकेट" धरायचे का, हा वाद होता. दीपक अग्रवाल विरुद्ध केशव कौशिक, 2013, मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जो सरकारी वकील कोर्टात उभा राहून बाजू मांडतो, त्याचं ॲडव्होकेटपण नोकरीमुळे जात नाही. महाराष्ट्रात जिल्हा न्यायाधीशाची सरळ परीक्षा देणाऱ्या सरकारी वकिलांनी हा निकाल मुळातून वाचावा. नोकरीत प्रत्यक्ष कोर्टात उभं राहण्याचं काम किती, यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून हजेरीच्या नोंदी आणि वकालतीचे कागद सुरुवातीपासून जपून ठेवावेत.

---

टेक्सासकर

धन्यवाद. गुजराती यांची प्रश्नावली वाचायला मिळते का?

---

सिनेटवाचक

मिळते. न्यायिक समितीच्या संकेतस्थळावर नामांकनांच्या विभागात उमेदवाराच्या नावाखाली प्रश्नावली आणि लेखी प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या फाइलींत असतात. आधी दहा प्रकरणांचा भाग वाचा, मग लेखी उत्तरं. एकाच वर्षातल्या दोन उमेदवारांची उत्तरं शेजारी ठेवली की कुठे ठरावीक साच्याचं वाक्य आहे आणि कुठे माणूस स्वतः बोलतोय, ते लगेच दिसतं.